गप्प राहणारा मिक्सर

श्रीपतचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मेला तो चंदनसारच्या एका सोसायटीत, सत्यनारायणाच्या पूजेला, नेमका आरतीच्या वेळी. आधी घुमायला लागला, मग जळक्या वायरचा वास सुटला, आणि मग सगळ्या पार्किंगनं बिनमाईकची आरती म्हटली. सेक्रेटरी भला माणूस, ओरडला नाही. सामान आवरताना त्यानं चपलेच्या टोकानं डबा दाखवला आणि म्हणाला, "काका, हे आता भंगारात द्या. पुढच्या वेळी आम्ही दुसऱ्या कोणाला तरी सांगतो." चप्पल डब्याला लागली नव्हती. श्रीपतला लागली.

खाडीकाठची हवा लोखंडाला माया करत नाही. दाराच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, विळा, कोयता, सगळ्यांना ती हळूहळू चाटत राहते. श्रीपत दर आठवड्याला डबा उघडून ब्रशनं झाडायचा, उन्हात ठेवायचा, आत कापराच्या वड्या टाकायचा. देवाची केली नसेल एवढी सेवा त्यानं त्या डब्याची केली, आणि डब्यानं देवासमोरच मान टाकली.

त्याचा माईकचा धंदा तसा बेताचाच. दोन उभे बॉक्स, दोन भोंगे, चार माईक. बारसं, भजन, साखरपुडा, हळद. सकाळी वालाच्या आणि तोंडलीच्या वाडीत कंबर मोडायची आणि संध्याकाळी वायरी उलगडायच्या. पन्नाशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं. गावात म्हणायचे, श्रीपतनं बॉक्सशीच लगीन लावलंय, दोन-दोन बायका आहेत त्याला. तो हसायचा. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्या भावाचं घर त्याच्या अंगावर आलं होतं.

धाकटा भाऊ म्हणजे जितेश. वीसेक वर्षांपूर्वी, त्याची पोर मनाली नुकती चालायला लागली होती तेव्हा, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तो खाजणात, खाडीकाठच्या भातशेतात, उघाडी बघायला गेला. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडायचं आणि शेतातलं पाणी खाडीत जायचं. भरती लागली की खाडीचंच पाणी त्याला ढकलून बंद करायचं. बंद होताना फळी चौकटीवर आपटायची, ठक्क करून, आणि तो आवाज घराघरात ऐकू यायचा. आता खाजणातली माणसं घरी येणार म्हणून बायका त्या आवाजावर चुलीवरचं भांडं उतरवायच्या. त्या संध्याकाळी उघाडी वाजली, पण जितेश आला नाही. माणसं तीन दिवस खाडी चाळत होती. अंग नाही, कपडा नाही, हातातला कोयतासुद्धा मिळाला नाही.

मिळाला नाही, म्हणून मेला असं कोणी म्हटलं नाही. त्याची बायको सुरुची कुंकू लावत राहिली. रोज दिवेलागणीला ती मागच्या दारात कळशीभर पाणी ठेवायची. खाजणातून येणाऱ्या माणसाचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले असतात, ते धुतल्याशिवाय कोणी घरात येत नाही. सकाळी ते पाणी ती जास्वंदीच्या मुळाशी ओतायची. त्या जास्वंदीइतकी फुलं आख्ख्या आळीत कुठल्या झाडाला येत नसत. या पाण्याबद्दल घरात कधी कोणी एक शब्द काढला नाही.

आता मनालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चंदनसारचा, चिराग नावाचा, कुरिअरच्या ऑफिसात कामाला, स्वभावानं गरीब. हळद घरच्या मांडवात होणार होती आणि माईकवाल्याच्याच घरात माईक नव्हता.

"भाड्यानं आन कोनाचा तरी," शेजारी म्हणाले.

"माज्या पोरीच्या हलदीला दुसऱ्याचा डबा?" श्रीपत म्हणाला. "त्यापेक्षा मी भोंगा तोंडाला लावून बोंबलत बसंन."

पण खरी अडचण जिजाची होती.

जिजा म्हणजे श्रीपतची आई, गावची शेवटची धवलारीण. पूर्वी तिच्याशिवाय आसपासच्या गावांत हळद लागत नसे. नवरीला हळद लावायच्या आधी धवलारीण धवला म्हणते, आणि त्या गाण्यात घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. नाव घेतलं की त्या माणसाचं जवळचं कोणीतरी 'आला' म्हणून ओ देतं. मग ते मेलेलं माणूस पाटावर येऊन बसलं असं धरतात आणि पुढचं नाव घेतात. जिवंत माणसाचं नाव त्यात चुकूनही घ्यायचं नाही. आणि न बोलावलेलं मेलेलं माणूस मांडवात येत नाही, ते बाहेरच उभं राहतं.

जिजाचा आवाज एके काळी बांधापलीकडे जायचा. आता तो ओसरीच्या पायरीपर्यंत पोचला तरी पुष्कळ. त्यात चारी बाजूंनी टॉवर उठलेले, कुठल्यातरी गच्चीवर कायम डीजे. माईक नसेल तर म्हातारीचा धवला तिच्या पदरालाच ऐकू जाणार.

एका दुपारी वाल सोलता सोलता जिजा म्हणाली, "या हलदीला जितेशला हाक मारनार मी."

सुरुचीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मनालीनं मोबाईलमधून मान वर केली.

"आजी, काय बोलतेस तू?"

"बोलतंय ती खरा हाय. उन्हाल्यात बिल्डरनी खाजनात मुरूम टाकला. उघाडी गाडली. आथा तो येल तं कुठून येल? इतकी वरसा मी त्याची वाट धरून गप ऱ्हायली. वाटच बुजली, मंग गप ऱ्हाऊन काय करू? बाप हाय तो तुजा. पोरीच्या हलदीला त्याना कुडनाच्या भायेर उभा ऱ्हावाचा?"

"आणि आईचं काय?" मनाली म्हणाली. "तू नाव घेतलंस तर आईला मला हळद लावता येणार नाही."

जिजानं पुढची शेंग उचलली. ती स्वतः विधवा, तिला हे कोणी सांगायला नको होतं. नाव घेतलं की जितेश मेला. जितेश मेला की सुरुचीचं कुंकू गेलं. आणि बिनकुंकवाच्या बाईचा हात नवरीच्या गालाला लागत नाही, मग ती नवरीची आई असली तरी. हा नियम कोणी केला ते कोणाला ठाऊक नाही, पण तो पाळायला सगळ्या जणी तयार असतात. सुरुचीनं शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले आणि उठून कळशी घासायला घेतली. दिवेलागणीला अजून पुष्कळ वेळ होता.

दुसऱ्या दिवशी श्रीपत आणि मनाली स्कूटरवरून निर्मळला गेले. तिथे देवळाच्या पुढे, केळीच्या वाडीला लागून हिलरीचं दुकान होतं. हिलरीनं तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला होता, दम संपल्यावर वाद्यं आणि साऊंडचं सामान विकायला बसला. विकण्यापेक्षा त्याला बोलायलाच जास्त आवडायचं.

"पॉवर्ड मिक्सर घ्या, श्रीपतभाई," तो म्हणाला. "मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात. माईक इकडून घाला, स्पीकरची वायर तिकडून काढा, झालं. तुमचे बॉक्स जुने आहेत, त्यांच्यात स्वतःची पॉवर नाही, त्यांना हेच पाहिजे."

"एकाच डब्यात दोनी," श्रीपत म्हणाला. "म्हंजे एक मेला की दोनी मेले."

"लग्न पण तसंच असतं. तरी लोक करतात ना?"

मनाली हसली. गेली चार-पाच वर्षं ती काकाच्या जोडीनं वायरी ओढत होती, तिला यातलं कळत होतं. हिलरीनं टेबलावर तीन डबे मांडले. पहिल्यावर वॅटचा आकडा एवढा मोठा छापला होता की तो खरा असता तर निर्मळच्या केळी झोपल्या असत्या. मनालीनं तो हातात घेतला आणि परत ठेवला.

"एवढ्याशा वजनात एवढे वॅट? काका, हा खोटं बोलतोय."

दुसऱ्यात सोळा तऱ्हेचे घुमारे होते. बटण फिरवलं की माणूस विहिरीत, बटण फिरवलं की देवळात. श्रीपतला तो आवडला. मनालीनं सगळे माईक जोडले, सगळे आवाज चढवले आणि बोटानं गप्प राहायची खूण केली. डबा पारखायची तिची हीच रीत होती. वाजवून सगळेच चांगले वाटतात, म्हणून ती त्यांना गप्प ठेवून ऐकायची. दुसरा डबा गप्प बसला नाही. कढईत पाणी पडल्यासारखा बारीक चुरचुरत राहिला.

"आजीचा आवाज याच्यात बुडेल," ती म्हणाली.

तिसरा डबा काळा, साधा, दिसायला अगदी कळाहीन. आठ माईकची सोय, प्रत्येकाच्या खाली एक लहान चौकोनी बटण. मनालीनं आवाज चढवला. दुकानात काही ऐकू आलं नाही. तिनं अजून चढवला. स्पीकरच्या जाळीला कान लावला, तरी काही नाही.

"मेलाय कं?" श्रीपतनं विचारलं.

"नाही काका. चालू आहे." तिनं माईकवर नखानं टिचकी मारली, ती दुकानभर वाजली. "बाप रे. कसला शांत आहे हा."

तिघंही ती शांतता ऐकत उभे राहिले. जुन्या डब्याच्या घुमण्याची श्रीपतला एवढी सवय झालेली की ही शांतता त्याला दार उघडं राहिल्यासारखी वाटली. आणि मग तिच्यात, फार लांबून, काहीतरी वाजलं.

ठक्क.

"मागे कोणी घड तोडत असेल," हिलरी म्हणाला. पण तो मागच्या खिडकीशी जाऊन बघून आला. केळीत कोणी नव्हतं. "माईक चांगला असला की लांबचं पण घेतो," तो म्हणाला आणि भरभर पुढचं सांगायला लागला. "आणि हे बघा, श्रीपतभाई, खालचं बटण. म्यूटचं. एखाद्या माईकवर कोणी खोकत असेल, भांडत असेल, तर—"

श्रीपतनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. हिलरी माईकमध्ये बोलत होता, त्याचे ओठ हलत होते, हात हलत होते, पण स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. टप्प असा आवाजसुद्धा झाला नव्हता. श्रीपत त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला.

"हाच द्या," तो म्हणाला.

"हाच," मनाली पण त्याच क्षणी म्हणाली. दोघांनी एकच डबा निवडला होता. कारणं वेगळी होती, आणि ती एकमेकांना सांगायची दोघांपैकी कोणाला गरज वाटली नाही.

संध्याकाळी सुरुची कळशी घेऊन मागच्या दारात आली तेव्हा श्रीपत तिथे उभा होता. जेठ-भावजय सहसा असे एकटे बोलत नसत. तो पाठमोरा उभा राहून जास्वंदीकडे बघत बोलला.

"आय ऐकनार नाय. नाव घेईलच ती. पन तू घाबरू नको. नवीन डब्याला बटन हाय. ती जितेशवर आली की मी दाबीन. माईकवर नाव आला नाय म्हंजे मांडवाना ऐकला नाय. मांडवाना ऐकला नाय तं घेतलाच नाय. तुजा हात ऱ्हाईल, पोरीला हलद तूच लावशील."

म्हाताऱ्या आईचा आवाज चार हातांवर जात नाही, या एका गोष्टीवर त्यानं सगळी इमारत बांधली होती. आयुष्यभर माईक लावणाऱ्या माणसाला असंच वाटतं, की जे स्पीकरमधून येत नाही ते बोललं गेलंच नाही.

सुरुचीनं कळशी पायरीवर टेकवली.

"आन त्याना ऐकू जाईल, दादा?" तिनं विचारलं.

"कोनाला?"

ती आत गेली.

हळदीच्या आदल्या दिवशी मनालीनं अंगणात सगळं जोडून बघितलं. बॉक्स मांडवाच्या दोन खांबांना बांधले, जिजाचा माईक तिच्या बसण्याच्या उंचीला लावला आणि आवाज चढवला. सूर्य टॉवरच्या मागे गेला होता. कुठे डीजे नव्हता, सगळीकडे कशी कोण जाणे शांतता होती. त्या शांततेत स्पीकरमधून ठक्क झालं. थोड्या वेळानं परत झालं. दुकानात ऐकलं होतं त्यापेक्षा हे जवळ होतं.

ओसरीवर पडलेली जिजा झोपेतून बोलल्यासारखी म्हणाली, "भरती लागली गो. भांडा उतरव."

मनालीनं घाईघाईनं मुख्य बटण बंद केलं. आवाज थांबला. तिच्या हातावर काटा आला होता, तो तिनं ओढणीखाली झाकला.

"काका, उघाडी तर गाडली ना त्यांनी?"

"गाडली. माज्या डोल्यादेखत."

पण श्रीपतला राहवलं नाही. हळदीच्या दिवशी सकाळी, मांडवाला केळीचे खांब लावायच्या आधी, तो सायकल काढून खाजणात गेला. खाजण म्हणावं असं तिथे काही उरलं नव्हतं. निळे पत्रे, पत्र्यांच्या आत मुरमाचा सपाट माळ, एका कोपऱ्यात वॉचमनची केबिन. बांध कुठे होता हे त्याला एका चिंचेच्या झाडावरून ओळखावं लागलं. झाडापासून मोजून तो उघाडीच्या जागी गेला आणि पायाखाली बघितलं. कोरडा, दाबून बसवलेला मुरूम. टाच आपटली तरी खूण उमटेना. ज्या दारातून त्यानं आणि जितेशनं लहानपणी कोळंबी धरली ते दार दोन पुरुष खाली गेलं होतं.

वॉचमन नांदेडकडचा, नवीन होता. तो चहाचा पेला घेऊन जवळ आला.

"तुम्ही गावचे का, काका? एक विचारू? हितं संध्याकाळचं ठोकतंय कोण?"

"कुठे?"

वॉचमननं पेल्यानंच श्रीपतच्या पायाकडे दाखवलं. "हितंच. मी बॅटरी घेऊन येतो तर कोण नाही. पहिल्यांदा वाटलं पाइपलाइन आहे. पण पाइपलाइन रोज आपली वेळ बदलून वाजते का?"

भरती रोज वेळ बदलते. श्रीपतनं ते त्याला सांगितलं नाही. त्यानं सायकल वळवली आणि बसायचं विसरून ती हातात धरूनच घरापर्यंत चालत आला.

दिवेलागणीला मांडव भरला. चंदनसारहून चिरागच्या आत्या आणि मावश्या हळद घेऊन आल्या. मनाली पिवळ्या साडीत पाटावर बसली, आज तिला मिक्सरला हात लावायला बंदी होती. तिच्या शेजारी दुसरा पाट रिकामा, त्यावर तांदळाची रास आणि नारळ. हा बोलावलेल्यांचा पाट. जिजा माईकसमोर बसली. सुरुची तिच्या मागे, तिच्या खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ, हातात निरांजनाचं ताट घेऊन. श्रीपत टेबलाशी बसला. जिजाचा सोडून बाकीचे सगळे माईक त्यानं आधीच बंद केले होते. एकच दिवा हिरवा, बाकीचे लाल.

जिजानं तोंड उघडलं. आणि मांडव हबकला. म्हातारीचा तो कापूस झालेला आवाज नव्या डब्यातून असा निघाला की ती प्रत्येकीच्या कानाशी बसून गात होती. दोन शब्दांमधला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"मांडव घातला हिरवा बाय, दारी पाट मांडिला,
वाडवडील बोलवाया धवला म्या गायिला..."

तिनं सासऱ्याचं नाव घेतलं. मागून एका चुलत दिरानं ओ दिली, "आला." तिनं नणंदेचं नाव घेतलं, नणंदेची सून म्हणाली, "आली गो." मग तिनं स्वतःच्या नवऱ्याला हाक मारली आणि रीतीप्रमाणे स्वतःच, नवऱ्याला अहोजाहो करत, ओ दिली, "आले." एकेक नाव जात होतं आणि रिकाम्या पाटाकडे बायका जरा जपूनच बघत होत्या. चिरागच्या आत्यानं आपला पदर तिकडून ओढून घेतला.

मग जिजा थांबली. तिनं आवंढा गिळला तो सगळ्यांना ऐकू आला.

श्रीपतनं बटण दाबलं.

हिरव्याचा लाल झाला. जिजाचे ओठ हलले. स्पीकरमधून काही आलं नाही. मांडवाला वाटलं, म्हातारी दम घेतेय. श्रीपतनं कपाळाचा घाम पुसला. झालं, त्याला वाटलं, गेलं एवढं. आठही दिवे लाल होते. एकही माईक चालू नव्हता.

ठक्क.

स्पीकरमधून आलं ते. दोन्ही बाजूंच्या, एकदम. बायकांची कुजबुज थांबली. श्रीपतनं दिव्यांकडे बघितलं. सगळे लाल.

ठक्क.

आता ते खाजणातलं वाटत नव्हतं. वाडीच्या कुडणापाशी, कुंपणालाच लागून वाजल्यासारखं होतं. मागे बसलेल्या एका म्हातारीनं सवयीनं म्हटलं, "भरती लागली," आणि आपलं तोंड आपणच दाबून धरलं. श्रीपतचा हात मुख्य बटणाकडे गेला, पण तो पोचायच्या आत परत वाजलं.

ठक्क.

हे मागच्या दारावर होतं. दार तर उघडंच होतं, रोजच्यासारखं, आणि पायरीवर कळशी होती.

सुरुचीनं निरांजनाचं ताट खाली ठेवलं. सासूच्या ओठांवरचं नाव तिला माईकशिवायच ऐकू आलं होतं, एवढ्या जवळ ती बसली होती. श्रीपतच्या हिशेबात तेवढं एकच बसलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली. सगळ्या मांडवासमोर ती जेठाशी असं पहिल्यांदाच बोलत होती. "बटन सोडा. त्याना हाक नीट ऐकू जाऊ दे."

"सुरुची, अगो, तुजा—"

"सोडा, दादा. किती वेल दारात उभा ठेवाल त्याना?"

श्रीपतच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यानं आंधळ्यासारखं चाचपून बटण सोडलं. दिवा हिरवा झाला. जिजानं लेकाच्या नावानं हाक मारली. गाण्यात नव्हे, तर लहानपणी जेवायला बोलवायची तशी, शेवट लांबवत. "जितेशाऽऽ..." ती हाक बॉक्समधून निघाली आणि कुडणावरून, पत्र्यांवरून, मुरमावरून खाडीपर्यंत गेली.

"आले," सुरुची म्हणाली.

जिजा हळूच म्हणाली, "पाय भरलेले असतील गो त्याचे."

सुरुची उठली. ओसरीतून, माजघरातून मागच्या दारी गेली. ती दिसत नव्हती, पण स्पीकरमधून ऐकू येत होती. तिच्या बांगड्या कळशीच्या काठाला लागल्या. मग पाणी पडलं. दगडी पायरीवर पाणी पडल्याचा तो आवाज एवढा जवळचा होता की पुढे बसलेल्यांनी पाय आखडून घेतले.

मग सुरुची परत आली. कळशी तिच्या हातात होती, रिकामी. तिनं ती सगळ्यांच्या समोर मांडवाच्या खांबाशी पालथी घातली. एक थेंब पडला नाही. आणि स्पीकरमधून पाण्याचा आवाज येतच होता. पाणी पडत होतं, थांबत होतं, परत पडत होतं. मध्येच टाच दगडावर घासल्याचा आवाज. चिखल वाळलेला असला की घासावी लागते तशी.

सुरुची मनालीसमोर बसली. तिचं कुंकू कपाळावरच होतं. तिनं हळदीच्या वाटीत हात घातला. आंब्याच्या पानानं नव्हे, आख्खा पंजा. चिरागची आत्या पुढे सरकली. "बाई, आता तुम्ही कशा—" एवढं तिच्या तोंडून निघालं, आणि मग स्पीकरमधून टाच परत घासली. आत्यानं तोंड मिटलं आणि ती होती तिथे बसली. त्या मांडवात नियम ठाऊक नसलेली एकही बाई नव्हती. एकीचीही जीभ उचलली नाही.

सुरुचीनं लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग हनुवटीला, गळ्याला, दंडांना. मनाली रडत होती, हळदीचे ओघळ पिवळ्या साडीवर पडत होते.

"आई," ती म्हणाली, "बाबा?"

"पाय धुतायत," सुरुची म्हणाली. "येतील."

श्रीपतचं बोट मुख्य बटणावर होतं. जिजानं त्याच्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. तो थांबला. स्पीकरमधून एका पायाचं पाणी संपलं. जरा वेळ काहीच आलं नाही, फक्त कोणाचातरी थकलेला श्वास. मग दुसऱ्या पायावर पाणी पडायला लागलं. दोन्ही पाय धुऊन होईपर्यंत श्रीपतनं मिक्सर बंद केला नाही.